खेळ नेमका कुठे अडलाय?

मी तुमची बचत गटाची सहयोगिनी बोलतेय.

आपल्या या रेडिओवर आपण आजवर कर्जाचे हप्ते, रोख वही, शेळ्यांचे आजार, परसबाग असं कायकाय बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ‘ताई, हे काय आता नवीन?’ विषय आहे मुलांच्या खेळांच्या फायलींचा. घरातल्या एका कॉम्प्युटरवर खेळ साठवलेले असतात. तिथून दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा टॅबवर ते घ्यायला गेलं की कधी खेळ येतच नाही, कधी अर्धा येतो, कधी येतो पण उघडत नाही. तेव्हा काय करायचं, ते आज सांगणार आहे. हातात वही-पेन असेल तर घ्या. नसेल तर ऐका, आणि घरातल्या शाळेतल्या पोरीला शेजारी बसवा.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते बघू, म्हणजे शब्दाची भीती जाईल. गावाच्या टाकीत पाणी साठवतात आणि पाइपानं घरोघरच्या नळाला सोडतात. सर्व्हर म्हणजे ती टाकी. एखादा जुना कॉम्प्युटर चालू ठेवायचा, त्यातलं एक फोल्डर सगळ्यांसाठी खुलं करायचं, म्हणजे इंग्रजीत म्हणतात तसं ‘शेअर’ करायचं, आणि वायफायच्या राउटरला तो जोडायचा. मग त्याच वायफायवरच्या बाकीच्या कॉम्प्युटरांना त्या फोल्डरमधल्या फायली घेता येतात. यासाठी बाहेरचं इंटरनेट चालू असायचीही गरज नाही. रेंज गेली तरी घरातल्या घरात पाणी चालू.

आमच्या गटाचा असा सर्व्हर सचिव काकूंच्या ओसरीवर आहे. त्यांच्या मुलानं पुण्याला जाताना ठेवून दिलेला जुना कॉम्प्युटर. त्यात गटाच्या हिशेबाच्या फायली आहेत, आणि मुलींनी स्वतः तयार केलेले खेळ आहेत. हो, तयार केलेले. ‘स्क्रॅच’ नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये ते तयार झालं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत बसवत गेलं की चित्र चालतं, बोलतं, उडी मारतं. आमच्या मुलींनी त्यात चौदा खेळ केले. एकीनं आठवडी बाजारात सुटे पैसे मोजायचा खेळ केला, एकीनं विहिरीत पडणाऱ्या बादलीचा, एकीनं पाढ्यांचा.

आणि एके दिवशी ते खेळ येईनात. सर्व्हर चालू, लाइट चालू, पण लॅपटॉपवर फोल्डरच उघडेना. आता बघा, पहिलं वाक्य कोणतं आलं असेल? ‘पोरींनी काहीतरी दाबलं.’ दुसरं वाक्य, ‘यांना कशाला हात लावू देता?’ ओसरीवरच्या त्या कोपऱ्यावर चादर टाकली आणि मुलींना तीन आठवडे तिथे फिरकू दिलं नाही. कॉम्प्युटर तालुक्याच्या एका दुकानात नेला, तर तिथला माणूस न बघताच म्हणाला, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून कोरी पाटी करणं. सचिव काकूंनी विचारलं, ‘आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून देणार का?’ तो म्हणाला, ‘त्याची गॅरंटी नाही.’ काकूंनी कॉम्प्युटर उचलला आणि एसटीनं परत आणला.

मैत्रिणींनो, मघाशी मी म्हटलं की विषय खेळाचा आहे. पण खेळ अडला की खापर कुणावर तरी फुटतं, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या पोरीवर किंवा बाईवर फुटतं. यंत्राला हात लावायची भीती तिथूनच बसते. बिघाड कुठे आहे हे दाखवून देता आलं की खापर फोडायची वेळच येत नाही. म्हणून हे शिकायचं.

पद्धत आपल्याला नवीन नाही. बैठकीत पन्नास रुपयांचा फरक आला तर आपण काय करतो? खजिनदाराकडे संशयानं बघत नाही. रोख वही, खतावणी, पासबुक एकेक करून ताडून बघतो, आणि फरक कोणत्या ओळीत शिरला ते शोधतो. इथेही तसंच. टाकी, पाइप, कुलूप आणि भांडं, अशा चार जागा तपासायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेलं वहीत लिहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि बिघडलं तर परत कुठे जायचं तेही कळत नाही.

सुरू करण्याआधी एक नियम. मूळ फाइल जिथे आहे तिथेच राहू द्यायची. ती हलवायची नाही, तिचं नाव बदलायचं नाही, ती पुसायची नाही. जे काही करून बघायचं ते तिच्या कॉपीवर.

आता पहिली परीक्षा. या एका परीक्षेनं निम्मं काम होतं. खेळ सर्व्हरवरून थेट उघडायचा नाही. आधी फाइल सर्व्हरवरून आपल्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर कॉपी करायची आणि मग स्क्रॅचमध्ये ‘फाइल’ या मेनूत जाऊन ‘लोड फ्रॉम युवर कॉम्प्युटर’ करायचं. कॉपी झालेला खेळ नीट उघडला तर खेळ चांगला आहे, दोष वाटेत आहे. कॉपी झाली पण खेळ उघडला नाही, तर दोष फाइलमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि कॉपीच होत नसेल, फोल्डरच दिसत नसेल, तर पाइप किंवा कुलूप बघायचं. टॅब वापरत असाल तर त्यातही आधी फाइल टॅबमध्ये उतरवून घ्या आणि मगच उघडा.

आता एकेक जागा. पहिली टाकी.

सर्व्हरपाशी जा आणि त्याच्याच पडद्यावर बघा. तो झोपलाय का? कॉम्प्युटर काही वेळ कुणी वापरला नाही की आपोआप झोपी जातो आणि मग वायफायवरून दिसत नाही. सेटिंग्जमध्ये वीज आणि झोप यांचा भाग असतो, तिथे ‘स्लीप’समोर ‘नेव्हर’ करून ठेवा. पडदा बंद झाला तरी चालेल, कॉम्प्युटर जागा हवा.

मग फाइल खरंच तिथे आहे का बघा, आणि तिच्यावर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे ‘साइज’ लिहिलेला असतो आणि कंसात नेमके बाइट्स असतात. तो आकडा वहीत उतरवा. मग लॅपटॉपवरच्या कॉपीचा आकडा बघा. शेवटच्या अंकापर्यंत सारखा हवा. कमी असेल तर फाइल अर्धी आली आहे. शून्य असेल तर नाव आहे आणि आत काही नाही, रिकाम्या पाकिटासारखं. त्याखाली ‘साइज ऑन डिस्क’ असा दुसरा आकडा असतो. तो दोन कॉम्प्युटरांवर वेगळा असू शकतो, त्याकडे बघू नका. फक्त पहिला आकडा ताडा.

फाइल अर्धी का येते? कॉपी चालू असताना वीज जाते. किंवा काम पुरं होण्याआधीच पेन ड्राइव्ह उपटला जातो. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून कॉपी पूर्ण होईपर्यंत थांबायचं, आणि पेन ड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढायचा. मोठ्या खेळांच्या बाबतीत अजून एक अडचण येते. बरेच पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ नावाच्या जुन्या पद्धतीनं आखलेले असतात. त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप आला की पेन ड्राइव्ह खराब झाला असं समजू नका. तो ‘एक्सफॅट’ पद्धतीनं आखून घ्या. आखताना त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी आतलं काढून ठेवा.

दुसरी जागा पाइप, म्हणजे वायफाय आणि पत्ता.

आधी साधी गोष्ट. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आहेत ना? टॅब किंवा फोन गुपचूप मोबाइल डेटावर गेलेला असतो, आणि आपण सर्व्हर शोधत बसतो. काही राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ वायफाय असतं. त्यावर इंटरनेट मिळतं, पण घरातले इतर कॉम्प्युटर सहसा दिसत नाहीत. पाहुण्याला ओसरीवर बसवतो, पण माजघरात नेत नाही, तसं.

मग पत्ता. घरातल्या वायफायवर प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडा देतो. बऱ्याच घरांत तो १९२.१६८ असा सुरू होतो. सर्व्हरवर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या नावासमोर तो सापडेल. आता गंमत अशी की हा पत्ता कायमचा नसतो. वीज गेली, राउटर बंद होऊन चालू झाला, की सर्व्हरला कधी वेगळाच आकडा मिळतो. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत राहतो. म्हणून आजचा पत्ता बघा. लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे तो आकडा टाका, आकडे इंग्रजी. फोल्डर उघडलं तर दोष जुन्या पत्त्याचा होता. कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंग्जमध्ये त्या सर्व्हरसाठी एकच पत्ता राखून ठेवणं. एसटीत आरक्षणाची सीट असते तसं.

नवा राउटर बसवला की आणखी एक गोष्ट होते. विंडोजला ते नवं, अनोळखी नेटवर्क वाटतं. अनोळखी नेटवर्कला ते ‘पब्लिक’ मानतं, म्हणजे बसस्टँडवरच्या वायफायसारखं, आणि आपले दरवाजे लावून घेतं. सर्व्हरवर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये जाऊन घरचं वायफाय ‘प्रायव्हेट’ करायचं. हे फक्त आपल्या घरच्या वायफायसाठी करायचं, बाहेरच्या नाही.

काही जणी म्हणतील, आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, राउटरलाच एक जुनी डिस्क लावली आहे, ती नव्या लॅपटॉपवर दिसत नाही. त्याचं कारण बहुधा बोलीचं असतं. फायली देवघेव करायची एक जुनी बोली आहे, एसएमबी १. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून ती नव्या कॉम्प्युटरांत सहसा बसवलेली नसते. त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस याच बोलीतल्या एका भोकातून जगभर पसरला होता, फायलींना कुलूप लावून पैसे मागत होता. तेव्हा कुणी सांगितलं की ‘ती जुनी बोली चालू करून घ्या, लगेच दिसेल’, तर करू नका. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत होतं का बघा, नाही तर ती डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडा आणि तिथून शेअर करा.

तिसरी जागा कुलूप.

फोल्डर दिसतं, पण उघडायला गेलं की पासवर्ड मागतं, किंवा ‘परवानगी नाही’ म्हणतं. इथे बऱ्याच जणी अडकतात. कॉम्प्युटर उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो. तो पिन फक्त त्याच कॉम्प्युटरपुरता असतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फोल्डर उघडताना खात्याचा खरा पासवर्ड लागतो, पिन चालत नाही. आणि खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज त्या खात्यानं बाहेरून आत येऊ देत नाही. ‘पासवर्ड नाही तर सोपं होईल’ असं वाटतं, होतं उलटं. सर्व्हरवर मुलींसाठी एक वेगळं खातं करा, त्याला पासवर्ड द्या, आणि तो गटाच्या वहीत लिहून ठेवा.

कुलपं दोन असतात हेही लक्षात ठेवा. एक फोल्डर शेअर करतानाचं, म्हणजे वाड्याच्या दरवाजाचं. दुसरं त्याच प्रॉपर्टीजमधल्या ‘सिक्युरिटी’ या भागातलं, म्हणजे खोलीचं. दोन्हीकडे परवानगी हवी. वाड्यात सोडलं आणि खोलीला कुलूप असेल तर माणूस अंगणातच राहतो. दोन्हींत जे कडक असेल तेच लागू होतं. म्हणून दोन्ही ठिकाणी मुलींच्या खात्याचं नाव आहे का ते बघा.

पासवर्ड बदलल्यावर लॅपटॉप जुनाच पासवर्ड पुढे करत राहतो, असंही होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ आहे, तिथून त्या सर्व्हरची जुनी नोंद काढून टाकली की तो नव्यानं विचारतो.

चौथी जागा भांडं, म्हणजे खेळ उघडणारं सॉफ्टवेअर.

फाइल पूर्ण आली, आकडा जुळला, तरी स्क्रॅच म्हणतं की निवडलेली फाइल उघडता आली नाही. तेव्हा फाइलच्या नावाचं शेपूट बघा. टिंबानंतरची जी अक्षरं असतात ती. स्क्रॅचच्या पहिल्या पिढीच्या फायलींचं शेपूट ‘एसबी’, दुसऱ्या पिढीचं ‘एसबी २’, आणि जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीचं ‘एसबी ३’. नवं स्क्रॅच जुन्या फायली उघडतं. जुनं स्क्रॅच नवी फाइल उघडत नाही. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर दुसरी पिढी असेल आणि मुलीनं घरी तिसऱ्या पिढीत खेळ केला असेल, तर तो तिथे उघडणार नाही. तिचा दोष नाही, फाइलचाही नाही. तिथे नवं स्क्रॅच ॲप टाकून घ्या, ते मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं.

विंडोज बऱ्याचदा हे शेपूट लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली की दिसतं.

आता एक आतली गोष्ट. ‘एसबी ३’ फाइल म्हणजे खरं तर एक बांधलेलं गाठोडं आहे. चित्रं, आवाज आणि खेळ कसा चालवायचा याची यादी, सगळं एकत्र. कॉम्प्युटरच्या भाषेत ‘झिप’. कधी कधी फोनवरून पाठवताना तिचं शेपूट बदलून ‘झिप’ होतं. मग कुणीतरी ते गाठोडं सोडतं, आणि आत लांबलचक विचित्र नावांच्या पंधरा-वीस फायली दिसतात. मुलगी घाबरते की खेळ फुटला. फुटलेला नसतो. सोडलेलं फोल्डर बाजूला ठेवा, मूळ गाठोड्याची एक कॉपी करा, आणि त्या कॉपीचं शेपूट परत ‘एसबी ३’ करा. फाइल पूर्ण असेल तर उघडते. बाहेरून आणलेल्या मोठ्या खेळांचं मात्र बरेचदा उलटं असतं. ते झिपमध्ये येतात आणि आधी पूर्ण सोडून मगच चालवावे लागतात. झिपच्या आतूनच चालवायला गेलं की बाजूच्या फायली सापडत नाहीत आणि खेळ बंद पडतो.

नावांबद्दल एक सूचना. जुन्या पद्धतीनं बांधलेल्या झिपमध्ये मराठी नावं असली तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर कधी प्रश्नचिन्हं, कधी चौकोन दिसतात. म्हणून फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान, आणि पुढे तारीख टाकून ठेवा. खेळाचं मराठी नाव खेळाच्या आत पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरात असू द्या.

खेळ येतो आणि क्षणात नाहीसा होतो, असं झालं तर? तेव्हा अँटिव्हायरसनं तो उचलून बाजूला ठेवलेला असतो. अँटिव्हायरस बंद करू नका. आधी विचारा, हा खेळ आला कुठून? कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेला, ‘पैशाचा खेळ फुकट चालवून देतो’ असं सांगणारा असेल, तर तो सर्व्हरवर नकोच. त्याच सर्व्हरवर आपल्या गटाच्या बायकांचे हिशेब आहेत.

शेवटची अडचण मुलींच्या कामाची. खेळ आला, उघडला, पण जुना आला. कालची सुधारणा दिसत नाही. ब्राउझरमधलं स्क्रॅच वापरलं की ‘सेव्ह टू युवर कॉम्प्युटर’ केल्यावर फाइल साधारणपणे त्याच कॉम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये जाते. नाव तेच असेल तर पुढे कंसात एक, दोन असे आकडे लागतात. सर्व्हरवरची कॉपी आहे तशीच राहते. म्हणजे मुलीचं काम हरवलेलं नसतं, ते डाउनलोड्समध्ये बसलेलं असतं. काम झालं की तिथली सगळ्यात नवी फाइल सर्व्हरवर नेऊन ठेवायची, हा नेम मुलींना लावा.

आता आमच्या त्या चौदा खेळांचं काय झालं ते सांगते. कॉम्प्युटर परत आणल्यावर सचिव काकू आणि नववीतली एक मुलगी वही घेऊन बसल्या. आधी पेन ड्राइव्ह थेट सर्व्हरला लावून सगळ्याची कॉपी काढली. मग एकेक जागा. टाकी ठीक. पाइपापाशी आल्यावर त्या मुलीनं विचारलं, ‘काकू, हे बंद पडलं त्याच आठवड्यात राउटर बदलला ना?’ बदलला होता. पत्ता बदललेला होता आणि नेटवर्क ‘पब्लिक’ झालं होतं. एक गोष्ट बदलली, वहीत लिहिली. दुसरी बदलली, लिहिली. फोल्डर उघडलं. कुणीही काही दाबलेलं नव्हतं.

चौदातले बारा खेळ लगेच उघडले. एक डाउनलोड्समध्ये सापडला. एकाची फाइल शून्य बाइटची होती, सुट्या पैशांच्या खेळाची. वीज गेली तेव्हा ती लिहिली जात असावी. त्याची आधीची कॉपी पेन ड्राइव्हवर होती, शेवटच्या दोन पातळ्या सोडून. त्या मुलीनं दोन दुपारी बसून त्या पुन्हा केल्या. पुढच्या बैठकीत काकूंनी इतिवृत्तात लिहून घेतलं की बिघाड राउटर बदलल्यामुळे होता. ते वाक्य लिहिलं गेलं हे मला फार बरं वाटलं, कारण तीन आठवडे ज्यांच्यावर ठपका होता त्यांच्या नावावरून तो वहीतूनच उतरला.

तेव्हापासून आम्ही चार गोष्टी पाळतो. तुम्हीही पाळा.

एक, सर्व्हर म्हणजे सुरक्षित जागा असं समजायचं नाही. तोही एक जुना कॉम्प्युटरच आहे. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी सगळ्याची कॉपी एका पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या घरी. ज्या घरात सर्व्हर आहे त्याच घरात नाही.

दोन, गटाचे हिशेब आणि बायकांची कागदपत्रं एका फोल्डरमध्ये, खेळ दुसऱ्या. मुलींच्या खात्याला हिशेबाच्या फोल्डरची परवानगीच नाही. म्हणजे ‘पोरींनी हिशेब पुसले’ असं म्हणायला जागाच उरत नाही.

तीन, घरचा सर्व्हर घरापुरता. राउटरमध्ये काहीतरी उघडून तो बाहेरच्या इंटरनेटवरून दिसेल असं कुणी करून देत असेल तर नको म्हणा.

चार, वही. तारीख, काय अडलं, कोणता निरोप आला तो शब्दशः, काय बदललं, काय झालं. या पाच रकान्यांची वही सर्व्हरच्या शेजारी दोऱ्यानं बांधून ठेवा. निरोप इंग्रजीत असेल तर अक्षर न् अक्षर उतरवा, किंवा फोनवर त्याचा फोटो काढा. कॉम्प्युटर दुकानात न्यायची वेळ आलीच तर ही वही दाखवा, आणि दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा, ‘आधी कॉपी काढून देणार का?’ तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

तुमच्या गटाकडे असा सर्व्हर असेल आणि काही अडलं असेल, तर वहीतली नोंद घेऊन शनिवारच्या बैठकीला या. मुलींनाही सोबत आणा, नोंद त्यांनीच वाचून दाखवू दे. पुढच्या वेळी आपण बोलू पावसाळ्यात धान्याला लागणाऱ्या किडीबद्दल. तोवर नमस्कार.